हवेचा हिशेब

घरी बांधलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण अनेकदा ठरल्यापेक्षा लवकर आटोपतं आणि पुष्कळदा त्याला कारण असतं इंजिनाचा ताप. पंख नीट असतात, सुकाणू हाताला बरोबर लागतं, विमान सरळ चढत असतं. दोन मिनिटांत ते तीनशे-चारशे मीटरवर पोचतं आणि बांधणाऱ्याची नजर पॅनेलवरच्या चार आकड्यांवर खिळते. चार सिलिंडर, चार हेडची तापमानं. १९०, २०५, २१५. तीन आकडे मंदावतात, चौथा थांबायचं नाव घेत नाही. २२५, २३०. मग तो नाक खाली करतो, इंजिनाची ताकद कमी करतो, विमानतळाला एक वळसा घालून उतरतो. खाली टाळ्या वाजतात, फोटो निघतात. संध्याकाळी सगळे पांगले की तो इंजिनावरचं आवरण, म्हणजे काऊल, उतरवतो आणि आत टॉर्च मारून बघत बसतो.

त्या बघत बसण्याविषयी हा लेख आहे. हलक्या विमानाचं इंजिन थंड ठेवणं हे वरवर सामान्य वाटणारं काम आहे. समोरून ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने वारा येतोय, त्याला आत घ्यायचं, इंजिनावरून फिरवायचं, सोडून द्यायचं. एवढ्या साध्या वाक्यात किती विज्ञान आणि किती कारागिरी दडलेली आहे हे मला हा विषय अभ्यासताना हळूहळू कळत गेलं. आणि ते शोधून काढणारी बरीचशी माणसं स्वतःच्या गॅरेजमध्ये पत्रा कापणारी हौशी माणसं होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आधी आकड्यांचा अर्थ. अमेरिकेतल्या हौशी विमानांत सर्रास दिसणारं इंजिन लायकमिंग कंपनीचं: आडवे समोरासमोर चार सिलिंडर, हवेने थंड होणारे. त्याच्या सिलिंडर हेडला कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे ५०० अंश फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सियस. पण ही मर्यादा झाली, सल्ला नव्हे. नेहमीच्या उड्डाणात २२४ च्या खाली राहा, इंजिन दीर्घकाळ टिकवायचं असेल तर २०४ च्या खाली राहा, असं कंपनीच सांगते. हेड ॲल्युमिनियमचं असतं आणि ॲल्युमिनियम वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडू लागतं. दोनशे अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्याने उतरते. त्यात आतमध्ये ज्वलनाचा दाब, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती तेल जळून साचणारी काजळी, व्हॉल्व्ह गाइडची झीज. तापमान फारच चढलं तर पेट्रोल-हवेचं मिश्रण शिस्तीत जळण्याऐवजी एकदम भडकतं आणि पिस्टनला भोक पडायला मग काही मिनिटं पुरतात. विमानाला रस्त्याकडेला थांबता येत नाही, म्हणून या आकड्यांची एवढी धास्ती.

कारखान्यात बनलेल्या विमानात हा प्रश्न विकत घेणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. कंपनीने तो चाचण्या करून आधीच सोडवलेला असतो. अमेरिकेच्या नियमांत हौशी बांधणीसाठी वेगळा ‘प्रायोगिक’ वर्ग आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी स्वतः केलेलं असलं पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत स्थापन केलेली ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही या मंडळींची संघटना. १९७० पासून दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ओश्कोशला तिचा मेळावा भरतो. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या कंपनीची ‘आरव्ही’ मालिकेतली अकरा हजारांहून जास्त विमानं आजवर लोकांनी घरी बांधून उडवली आहेत. ओश्कोशला ती रांगेने उभी असतात. बघायला आलेले लोक रंग आणि कॉकपिट बघतात. बांधणारे लोक गुडघ्यावर बसून काऊलच्या पोटाखाली डोकावतात, गरम हवा बाहेर कुठून आणि कशी काढली आहे ते बघायला.

कंपनीकडून सुट्या भागांचा संच विकत घेतला तरी प्रत्येक विमान वेगळं निघतं. एकाने काऊलचं तोंड सेंटीमीटरभर वेगळं कापलं, दुसऱ्याने ऑइल कूलर दुसरीकडे बसवला, तिसऱ्याने इंजिनच मोठं घेतलं. कारखान्याने केलेल्या चाचण्यांचा आधार तिथे संपतो.

हा ताप विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंचं १९०३ सालचं ‘फ्लायर’ हे घरी बांधलेलंच विमान आणि त्याचं इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातले कारागीर चार्ली टेलर यांनी साधारण दीड महिन्यात तयार केलं होतं. ॲल्युमिनियमचा ओतीव क्रँककेस, चार सिलिंडर. सिलिंडरभोवती पाणी होतं, पण पाणी फिरवायला पंप नव्हता आणि ज्वलनकक्षाच्या डोक्याभोवती पाणी नव्हतंच. इंजिन सुरू झालं की पहिले काही क्षण सुमारे सोळा अश्वशक्ती देई. मग आत येणारी हवा तापलेल्या भागांवरून येताना विरळ होई आणि ताकद बारावर उतरे. राइट बंधूंनी मुळात आठच अश्वशक्तीची अपेक्षा धरली होती, त्यामुळे बाराही पुरे होती. १७ डिसेंबरचं त्यांचं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं होतं. तेवढ्यात इंजिनाचं फारसं काही बिघडणार नव्हतं. १९२९ मध्ये मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यातल्या बर्नार्ड पीटनपॉल यांनी फोर्ड मॉडेल ए मोटारीचं इंजिन आपल्या ‘एअर कँपर’ विमानाला जोडलं, तेव्हा पाण्याचा रेडिएटर त्यांनी इंजिनाच्या वर, थेट वैमानिकाच्या नजरेसमोर येईल असा उभा केला. समोरचं दिसायला अडचण, वाऱ्याला अडथळा, पण इंजिन थंड. त्या आराखड्यावरून लोक आजही विमानं बांधतात आणि त्यांतल्या काहींना तो रेडिएटर तसाच हवा असतो.

आता उष्णतेचा हिशेब मांडू, कारण तो न मांडता केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे होते. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन पाऊण ताकदीवर चालतंय असं धरा. ते ताशी सुमारे ३२ लिटर पेट्रोल जाळतं. त्या पेट्रोलातून २८० किलोवॅटच्या आसपास ऊर्जा मोकळी होते आणि प्रोपेलरला मिळते जेमतेम ८४ किलोवॅट. उरलेल्यातला सर्वांत मोठा वाटा एक्झॉस्टच्या नळीतून बाहेर जातो. तरी सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे त्याच्या अंगावरच्या पातळ पात्यांवरून, हवेने वाहून न्यायची उष्णता तीस-पस्तीस किलोवॅट भरते. म्हणजे घरातले दोन किलोवॅटचे पंधरा-सोळा गीझर त्या एवढ्याशा काऊलमध्ये एकाच वेळी चालू. हवा आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत साठ अंशांनी तापते असं मानलं, तर दर सेकंदाला अर्धा किलोहून जास्त हवा फिन्सच्या फटींतून गेली पाहिजे. फटीतून, हे महत्त्वाचं. शेजारून, वरून, कोपऱ्यातून निसटून गेलेली हवा या हिशेबात धरायची नाही.

फटीतून हवा जाते ती दाबातल्या फरकामुळे. आधुनिक रचनेत इंजिनाच्या भोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची एक भिंत उभी करतात. या पत्र्यांना बॅफल म्हणतात. त्यांच्यामुळे काऊलचे वरचा आणि खालचा असे दोन कप्पे होतात. समोरच्या दोन तोंडांतून आलेली हवा वरच्या कप्प्यात साचते, तिचा वेग मंदावतो आणि दाब वाढतो. खालच्या कप्प्यात दाब कमी. मग हवा सिलिंडरच्या फिन्समधून वरून खाली उतरते आणि मागच्या बाजूने बाहेर पडते. या इंजिनांना साधारण बारा ते पंधरा सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा दाबातला फरक लागतो. आकडा अगदी क्षुल्लक वाटतो. पण ताशी १६० किलोमीटरच्या वेगाने चढताना वाऱ्याचा सगळा मिळून दाब भरतो सुमारे साडेबारा सेंटीमीटर! प्रोपेलरच्या झोताची थोडी मदत होते, तरी तोंडाशी होणारं नुकसान आणि आतली गळती वजा केली की गरजेपुरतंही उरत नाही. याउलट सरळ उड्डाणात वेग दुप्पट झाला, ३२० वर गेला, की तोच दाब चौपट होतो. चढताना ताकद पूर्ण आणि वारा कमी, सरळ उडताना ताकद कमी आणि वारा भरपूर. म्हणून ताप चढतो तो चढण्यातच.

ही ‘कोंडून, दाबून, वाट देऊन’ थंड करण्याची कल्पना १९२८ साली लोकांना उलटी वाटली होती. तोवर गोलाकार मांडणीच्या इंजिनांचे सिलिंडर उघडे ठेवत, कारण झाकलं तर तापणार अशी सगळ्यांची समजूत. व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत फ्रेड वीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचंड आकाराच्या वातबोगद्यात अखंड इंजिन बसवून त्यावर आवरणांचे आकार बदलत प्रयोग केले. आतल्या पत्र्यांची वळणं पुन्हापुन्हा सुधारली तेव्हा झाकलेलं इंजिन नीट थंड राहू लागलं आणि वाऱ्याचा अडथळा कितीतरी घटला. कर्टिस कंपनीच्या एका विमानावर हे आवरण चढवल्यावर त्याचा कमाल वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ वर गेला. इंजिन तेच, ताकद तीच. या कामाला १९२९ सालची कॉलियर ट्रॉफी मिळाली. भरपूर हवा उधळण्यापेक्षा थोडी हवा नेमकी नेणं श्रेयस्कर, हा धडा तेव्हापासून उपलब्ध आहे. तरीही तापलेलं इंजिन पाहिलं की बहुतेकांच्या हाताला पहिली शिवशिव होते ती समोरचं तोंड मोठं कापण्याची.

ती शिवशिव आवरणं हे या कामातलं निम्मं शहाणपण आहे. तोंड मोठं केलं आणि मागची वाट तेवढीच राहिली, तर जास्तीची हवा आत शिरतच नाही. तोंडाशी अडून बाजूला सांडते आणि विमान मात्र हळू होतं. म्हणून जाणकार सुरुवात करतात ती गळतीपासून.

गळती शोधायची रीत बघण्यासारखी असते. हँगरमधले दिवे मालवतात. काऊल जागेवर बसवलेलं असतं. खालच्या बाजूने एक प्रखर दिवा आत सोडतात आणि समोरच्या तोंडांतून, डोळा अगदी कडेला लावून, वरच्या कप्प्यात बघतात. जिथे प्रकाशाची रेघ दिसते तिथून हवा निसटते. बॅफलच्या पत्र्याची वरची कड आणि काऊलचा आतला पृष्ठभाग यांच्यात बोटभर जागा मुद्दाम ठेवलेली असते, कारण इंजिन हादरतं आणि काऊल हलत नाही. ही जागा सिलिकॉनच्या लवचीक पट्टीने बुजवतात. पट्टी पुढच्या आणि आतल्या दिशेला वळलेली हवी, म्हणजे वरचा दाबच तिला काऊलवर घट्ट दाबून धरतो. ती मागे दुमडली गेली की तोच दाब तिला उघडतो. काही उड्डाणांनंतर काऊल उलटं करून पाहिलं तर पट्टी जिथे घासते तिथे काळी रेघ उमटलेली दिसते. रेघ अखंड हवी. मध्येच ती तुटलेली असेल तर तिथे पट्टी टेकतच नाही. कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे हमखास चोच उघडते. स्पार्क प्लगच्या तारा जिथून जातात ती भोकं, क्रँककेस आणि पत्रा यांच्यातली चीर, पुढच्या तोंडाचा खालचा जबडा, सगळीकडे थोडं थोडं. मीटरभर लांबीत तीन मिलिमीटरची फट म्हणजे तीस चौरस सेंटीमीटर. साडेबारा सेंटीमीटर व्यासाची दोन गोल तोंडं धरली तर त्यांच्या एकूण क्षेत्रफळाच्या आठव्या हिश्शाएवढं भोक झालं! लाल सिलिकॉनची ट्यूब घेऊन एक-एक चीर बुजवणं हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याने उतरतो तेवढा ताप दुसऱ्या कोणत्याच स्वस्त उपायाने उतरत नाही.

मग फिन्स. सिलिंडर हेड ओतीव असतं आणि ओतकाम करताना साच्याच्या सांध्यात धातूचे पातळ पदर राहतात. काही वेळा ते नेमके दोन फिन्समधल्या वाटेत असतात. हेडच्या एका बाजूने बारीक तार घालून दुसऱ्या बाजूने निघते का बघायचं. अडकली तर लांब पातळ कानस घेऊन ती वाट मोकळी करायची. कारखान्यातून आलेल्या नव्या कोऱ्या इंजिनाला कानस लावायला धीर होत नाही लोकांना. पण बाकी सगळे सिलिंडर ठीक आणि एकच तापतोय अशा तक्रारीत हे पदर अनेकदा सापडतात.

चार सिलिंडरच्या लायकमिंगमध्ये उजव्या रांगेतल्या मागच्या, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरची कथा तर प्रसिद्धच आहे. सिलिंडरच्या एका बाजूला फिन्स खोल आणि दुसऱ्या बाजूला फार उथळ असतात. तिसऱ्याची ही उथळ बाजू मागे येते आणि तिथे मागचा पत्रा त्याला चिकटून बसतो. वाटच बंद. उपाय इतका लहान आहे की सांगूनही पटत नाही: पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक वायसर घालायचा. पत्रा दोन-तीन मिलिमीटर मागे सरकतो, त्या चिरेतून हवा खाली उतरते आणि तिसऱ्याचा आकडा बाकीच्यांच्या रांगेत येतो. कोणी त्याऐवजी पत्र्यालाच तिथे हलका फुगवटा ठोकून देतात. पुढच्या सिलिंडरसमोर उभ्या केलेल्या छोट्या पत्र्याची उंची थोडीथोडी कापून पुढच्या-मागच्यांमधला फरक मिटवतात. दर वेळी अर्धा सेंटीमीटर कापायचं आणि उडून बघायचं. जास्त कापलं तर पत्रा परत जोडायला लागतो.

हे सगळं करताना हात मोजमापाला बांधलेला हवा आणि हौशी मंडळींनी यासाठी काढलेल्या युक्त्या मला फार आवडतात. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवायची, त्यात रंगीत पाणी घालायचं, एक टोक वरच्या कप्प्यात आणि दुसरं खालच्या कप्प्यात न्यायचं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे इंजिनाला मिळणारा दाब, पट्टीने मोजता येतो. कप्प्यात टोक तसंच उघडं ठेवलं तर वाऱ्याचा झोत थेट त्यात शिरून खोटा आकडा येतो, म्हणून टोकाची नळी बंद करून तिच्या अंगाला बारीक बारीक भोकं पाडतात. दुसरी युक्ती जुना वेगमापक वापरण्याची. विमानाचा वेगमापक म्हणजे मुळात दाबातला फरक दाखवणारं घड्याळच. त्याची दोन टोकं दोन कप्प्यांना जोडली की झालं. काही जण काऊलमध्ये लोकरीचे छोटे धागे चिकटवून शेजारी बारका कॅमेरा बसवतात. धागा फडफडून उलटा फिरला की तिथे हवा भोवरा खातेय. विद्यापीठांतही यावर गंभीर काम झालं. मिसिसिपीमध्ये नासासाठी झालेल्या संशोधनाचा अहवाल १९८१ साली निघाला, त्यात अशा आडव्या इंजिनांच्या काऊलमधल्या हवेची बारकाईने तपासणी आहे.

वरच्या कप्प्यात दाब पुरेसा आहे आणि तरीही ताप आहे, असं नळी सांगू लागली की मोहरा वळतो बाहेरच्या वाटेकडे. माझ्या मते काऊलचा सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. आत आलेली हवा तापली की फुगते, तिला येताना लागली त्याहून जास्त जागा जाताना लागते. समोरच्या तोंडांच्या सव्वा ते दीडपट क्षेत्रफळ मागे ठेवावं असा ढोबळ ठोकताळा आहे. पण मोजताना लोक चूक करतात ती मागच्या तोंडाची लांबी-रुंदी गुणून मोकळे होण्याची. त्या तोंडातूनच एक्झॉस्टचे नळ जातात, इंजिनाच्या सांगाड्याच्या दांड्या जातात, कुठे केबल, कुठे पाइप. ते सगळं वजा करा, मग उरते ती वाट. शिवाय हवा मागच्या उभ्या भिंतीवर आदळून खाली उतरते आणि काटकोनात वळून बाहेर पडते. त्या काटकोनी कडेवर पत्र्याचा एक गोलसर वाकवलेला तुकडा बसवला की वाट न रुंदावताही हवा सुरळीत निघते. कोणी काऊलच्या पोटाला झडपा बसवतात, कोणी चढताना उघडायची आणि नंतर मिटायची फळी.

इंजिन मागे असलेल्या विमानांत हे गणित आणखी अवघड होतं. बर्ट रुटान यांनी १९७५ मध्ये ‘व्हेरीइझी’ आणि १९७९ मध्ये ‘लाँग-इझी’ उडवली. या विमानांचं इंजिन पाठीशी, प्रोपेलर शेपटीकडे. जमिनीवर उभं असताना प्रोपेलरचा झोत इंजिनाच्या तोंडावर येत नाही. उडताना येणारी हवा आधी सगळ्या धडावरून घासत आलेली, म्हणजे दमलेली. लाँग-इझीत ती पोटाखालच्या सपाट तोंडातून घेऊन खालून वर चढवतात. वाटेत तिला एक्झॉस्टच्या नळांची धग लागते आणि सिलिंडरपर्यंत पोचेस्तोवर ती गरम झालेली असते. म्हणून कित्येकांनी पंखाच्या मुळाशी दोन तोंडं काढून तीच हवा वरून खाली आणायची रचना स्वतः बसवली. त्या मांडणीत प्रोपेलर मागून हवा ओढून घेतो, एवढी एक जमेची बाजू. रुटान यांच्याच ‘व्हॉयेजर’ने डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा पुढचं इंजिन हवेने थंड होणारं आणि बहुतेक सगळा प्रवास पेलणारं मागचं इंजिन द्रवाने थंड होणारं होतं.

मात्र प्रत्येक ताप हवेच्या माथी मारू नये. पूर्ण ताकदीवर चढताना थोडं जास्त दिलेलं पेट्रोल जळत नाही, ते आतून थंडावा देतं. १८० अश्वशक्तीच्या इंजिनाला समुद्रसपाटीजवळ पूर्ण ताकदीवर ताशी साठेक लिटर पेट्रोल लागतं. मीटरवर पन्नास दिसत असेल तर काऊलला हात लावण्याआधी कार्बुरेटरचा जेट तपासावा. इग्निशनचं टायमिंग २५ अंशांवर हवं असताना ते दोन-तीन अंश पुढे सरकलं असेल तर कितीही पट्ट्या चिकटवल्या तरी हेड तापणारच. आणि कधी कधी मोजणाराच खोटं बोलतो. स्पार्क प्लगखाली वायसरसारखा बसणारा थर्मोकपल आणि हेडमधल्या खाचेत बसणारा थर्मोकपल एकाच हेडचे वेगळे आकडे देतात. एका इंजिनावर दोन्ही प्रकार मिसळले की एक सिलिंडर विनाकारण आजारी ठरतो. शंका आली तर दोन सिलिंडरच्या तारा एकमेकांत बदलून उडावं. ताप तारेबरोबर सरकला तर रोग तारेत आहे.

तेलाचा ताप हे वेगळंच प्रकरण. लायकमिंगची मर्यादा ११८ अंश आणि ऐंशीच्या खाली राहणंही बरं नव्हे, कारण तेलातलं पाणी उडून जात नाही. कूलर लहान आहे म्हणून मोठा घेण्याआधी एक छोटा भाग काढून बघावा: तेलाला कूलरकडे वळवणारी उष्णतेवर चालणारी झडप. बांधणारे तिला व्हर्नाथर्म म्हणतात. ८५ अंशांच्या सुमारास तिची दांडी लांब होऊन जागेवर बसते आणि सगळं तेल कूलरमधून जाऊ लागतं. ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, दोरीला बांधून सोडलेली झडप आणि मंद आच. पाणी ८५ ला पोचेपर्यंत दांडी वाढलेली दिसली पाहिजे. दांडी वाढते पण ती बसायची जागा झिजलेली आहे, असंही सापडतं; मग निम्मं तेल कूलरला वळसा घालून गरमच परत येतं आणि मालक मोठा कूलर विकत घेऊन बसतो.

नव्या इंजिनाच्या बाबतीत एक पेच असा आहे की ते सगळ्यात जास्त तापतं ते पहिल्या काही तासांतच. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून अजून बसलेल्या नसतात. त्या बसवायला ताकद जास्त ठेवून उडावं लागतं, जमिनीवर फार वेळ चालवलेलं चालत नाही. आणि नेमक्या याच तासांत विमानही अनोळखी असतं. अमेरिकेतल्या नियमांनी पूर्वापार पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीत, प्रवासी न घेता चाचणीसाठी राखून ठेवले, त्यामागचं शहाणपण इथे दिसतं. रिंगा बसल्या की आकडे आपोआप दहा-वीस अंशांनी उतरतात. कोणती घट रिंगांची आणि कोणती आपल्या पट्ट्यांची हे कळायला वहीत रोजची नोंद हवी: बाहेरचं तापमान, उंची, वेग, चारही हेड, तेल. एका वेळी एकच बदल.

बाहेरचं तापमान म्हटलं की आपल्याकडचा उन्हाळा आठवतो. हेडचं तापमान बाहेरच्या हवेबरोबर जवळजवळ अंशास अंश चढतं. अमेरिकेतल्या जुन्या नियमांत छोट्या विमानाची चाचणी याच हिशेबाने होई: मोजलेल्या आकड्यात फरक मिळवून समुद्रसपाटीला १०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सियसच्या दिवशी काय होईल ते काढायचं. धुळे, नागपूर, गोंदिया इथे मे महिन्यात ४५ अंश ही बातमीही राहिलेली नाही. म्हणजे त्या कसोटीच्या आणखी सात अंश वर. शिवाय ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा नऊ टक्क्यांनी विरळ, म्हणजे उष्णता वाहून न्यायला मालच कमी. धुळे, गोंदियासारख्या ठिकाणी वैमानिक घडतात. धावपट्टीच्या टोकाशी पाळीची वाट बघत उभ्या विमानात तेलाचा काटा कसा सरकतो हे तिथल्या मुलांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव यांची चिकाटी महाराष्ट्राने पाहिली आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी जवळून बघितलं, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची नोंदणी झाली. उद्या आपल्याकडे आणखी कोणी असं विमान बांधायला घेईल, तेव्हा परदेशी आराखड्यातल्या काऊलचे आकार जसेच्या तसे उचलू नयेत. ते आकार दुसऱ्या हवेसाठी बेतलेले आहेत. बाहेरची वाट इथे थोडी मोठी लागेल, उघडमिट करता येणारी लागेल आणि पहिली उड्डाणं पहाटेच्या गारव्यात झाली तरी शेवटचा निकाल वैशाखातल्या दुपारीच लागेल.

आकडे ताळ्यावर आले की काम संपलं असं वाटतं, पण ओश्कोशला भेटणारे बांधणारे इथून पुढे खरे रंगात येतात. आता हेड १८० वर आहे, म्हणजे हवा गरजेपेक्षा जास्त जातेय आणि जास्तीच्या प्रत्येक किलो हवेची किंमत विमान वेगात मोजतंय. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या संशोधन संस्थेतल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३० च्या दशकाच्या मध्याला दाखवलं होतं की रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेला नीट मंदावलं, तापवलं आणि मागे निमुळत्या वाटेने वेगाने सोडलं, तर थंड करण्यात गेलेली बरीचशी किंमत वसूल होते; युद्धकाळातल्या ‘मस्टँग’ विमानाच्या पोटाखालचा बोगदा याच विचारावर बेतलेला होता. हौशी काऊलमध्ये तेवढा लाभ मिळत नाही. तरी मागची वाट पाच-पाच मिलिमीटरने आवळत नेऊन, हेड २०० च्या अलीकडे ठेवून, ताशी काही किलोमीटर वेग परत मिळवलेले लोक आहेत. त्यासाठी ते बाहेरच्या कडेवर ॲल्युमिनियमची पट्टी चार स्क्रूंनी बसवतात, एक उड्डाण करतात, वहीत आकडे लिहितात, उतरल्यावर त्याहून अर्ध्या सेंटीमीटरने रुंद पट्टी कापायला घेतात.